मदत हवी आहे: मेंदूच्या गाठीचा स्पेक्ट्रोस्कोपी रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही तासगावचे. माझ्या मामांचं (वय ५४) गेल्या वर्षी मिरजेत मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं. तपासणीत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) निघाला. मग रेडिएशनचे ३० दिवस, एकूण ६० ग्रे (रेडिएशनची मात्रा ग्रेमध्ये मोजतात), जोडीला टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. मधले चार-पाच महिने मामा शेडवर बसून बेदाण्याची प्रतवारी बघायचे, इतके ठीक होते. आता परत शब्द सापडत नाहीत. परवा चहाचा कप हवा होता तर म्हणाले, "ते... गोल, गरम."

नव्या एमआरआयमध्ये, जुनी गाठ होती तिथेच, कॉन्ट्रास्ट दिल्यावर चमकणारा भाग दिसतोय. गाठ परत आली की रेडिएशनने तिथली पेशी मेली (नेक्रोसिस), हे साध्या एमआरआयवरून सांगता येईना म्हणून स्पेक्ट्रोस्कोपी (त्या जागेतली रसायनं दाखवणारी तपासणी) करायला सांगितली. मशीन तेच, फक्त आत जरा जास्त वेळ पडून राहायचं. हातात आली ती डोंगर-दऱ्यांची एक रेघ. खालच्या आडव्या आकड्यांवर ३.२ ला कोलीन उंच, २.० ला एनएए बुटका, १.३ ला लिपिड-लॅक्टेटचा भलामोठा सुळका. खाली शेरा: 'मिश्र स्वरूप'.

मला कळलंय ते एवढंच: कोलीन पेशींच्या आवरणातलं, पेशी भराभर वाढल्या की तेही वाढतं. एनएए धडधाकट न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींचं. लिपिड (चरबी) म्हणजे मेलेला भाग. मग कोलीनही वर आणि लिपिडही वर, याचा अर्थ काय लावायचा? मामी म्हणते, परत कवटी उघडायची नाही. मावसभावाचं म्हणणं, आज रात्रीच मुंबई गाठा. एवढ्या रिपोर्टवर निर्णय घेता येतो का?

प्रतिसाद: मी सांगलीत स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. आलेखाआधी चौकट बघा. ज्या चौकोनातून सिग्नल घेतला तो फोटोवर आखलेला असतो. तो मेलेल्या भागात पडला तर लिपिडच दिसणार. कवटीला टेकला तर डोक्याच्या कातडीखालची चरबीही १.३ लाच येते, आणि ऑपरेशनची प्लेट जवळ असेल तर सगळाच आलेख बिघडतो. समोरच्या निरोगी बाजूचा आलेख घेतलाय का तेही विचारा, नाहीतर तुलना कशाशी करणार? शिवाय गाठ आणि नेक्रोसिस एकाच जागी असू शकतात. म्हणून पर्फ्युजन एमआरआय (रक्तपुरवठा दाखवणारा) जोडीला बघतात, जिवंत गाठीत रक्तपुरवठा सहसा जास्त असतो. तरीही शंका उरली तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. फिल्म नको, सीडी घेऊन जा, आणि रेडिएशनचा प्लॅनही.

धागाकर्ता: आभारी आहे दादा. सीडी लावून बघितली. चौकट अर्धी काळ्या भागात, अर्धी चमकणाऱ्या कडेवर आहे. निरोगी बाजूचा आलेख कुठेच नाही. सोमवारी न्यूरोसर्जनची वेळ घेतलीय, पर्फ्युजनचं विचारतो. मामीला अजून काही बोललो नाही.