लिब्राडोसमधून मोठी फाइल लिहिताना उणे २७ का मिळते?

प्रश्न
सी भाषेतील आमचा प्रोग्रॅम लिब्राडोस या लायब्ररीच्या साहाय्याने सेफ (अनेक सर्व्हरांवर डेटा साठवणारी प्रणाली) क्लस्टरवर व्हिडिओ फाइल साठवतो. राडोस_कनेक्ट आणि राडोस_आयओसीटीएक्स_क्रिएट ही दोन्ही फंक्शन शून्य परत करतात, त्यामुळे कीरिंग (प्रवेशाची किल्ली) किंवा पूलची (साठवणुकीच्या विभागाची) अडचण नसावी. फाइल ४ एमबीच्या तुकड्यांत वाचून, ऑफसेट वाढवत, राडोस_राइटने एकाच ऑब्जेक्टमध्ये (सेफमधील साठवणुकीच्या एककात) लिहिली जाते. पहिले ३२ तुकडे सुरळीत जातात; ३३व्या तुकड्याला मात्र दर वेळी उणे २७ मिळते. जागा भरपूर शिल्लक आहे. एखादी मर्यादा आड येत असेल तर ती वाढवावी, की रचनाच बदलावी?

उत्तर १
उणे २७ म्हणजे ईएफबिग, अर्थात ‘फाइल फार मोठी’ ही त्रुटी. ३२ तुकड्यांचे १२८ एमबी होतात आणि एका ऑब्जेक्टचा कमाल आकार ठरवणाऱ्या ओएसडी_मॅक्स_ऑब्जेक्ट_साइझ या सेटिंगचे मूळ मूल्य नेमके तेवढेच आहे. कृपया ते वाढवू नका. एक ऑब्जेक्ट एकाच प्लेसमेंट ग्रुपमध्ये (ठरावीक डिस्कवर एकत्र ठेवल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टांच्या गटात) जातो. त्यामुळे क्लस्टरमध्ये कितीही डिस्क असल्या तरी त्या ऑब्जेक्टचा सगळा भार मोजक्या ओएसडींवरच (डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांवरच) पडतो. त्याऐवजी फाइलचा आयडी आणि अनुक्रमांक जोडून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव द्या. नावावरून तुकड्याची जागा क्लायंट स्वतःच क्रश अल्गोरिदमने काढतो, त्यामुळे तुकडे आपोआप पसरतात आणि राडोस_एआयओ_राइटने समांतर लिहिता येतात.

उत्तर २
रचना बदलावी हे योग्यच, पण तसे करताना एक हमी हातची जाते. राडोस (सेफचा साठवणुकीचा मूळ थर) एका ऑब्जेक्टवरील लेखन अखंड ठेवतो, म्हणजे ते पूर्ण होते किंवा होतच नाही; अनेक ऑब्जेक्टांचे मिळून नाही. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर अपुरी फाइल पूर्ण समजून वाचली जाईल. म्हणून आधी सर्व कम्प्लीशन (प्रत्येक समांतर लेखन पूर्ण झाले का ते कळवणाऱ्या नोंदी) पूर्ण होऊ द्या, प्रत्येकाचे परतमूल्य तपासा आणि मगच एकूण लांबी व तुकड्यांची संख्या नोंदवणारा छोटा सूची-ऑब्जेक्ट राडोस_राइट_फुलने लिहा. सूची नसेल तर फाइलच नाही, असे वाचणाऱ्या कोडने धरावे. तुकडे पाडण्याची तयार सोय लिब्राडोसस्ट्रायपरमध्ये आहे, तरी ही शेवटची पायरी आपल्याच हाती ठेवावी असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सूची-ऑब्जेक्टची कल्पना पटली. सर्व तुकडे एकदमच एआयओला दिले तर चालेल का?

उत्तर २
तसे करू नये. राडोस_एआयओ_राइट आपल्या बफरची प्रत करून ठेवते, त्यामुळे बफर लगेच पुन्हा वापरता येतो, पण प्रलंबित लेखनांबरोबर मेमरीही वाढत जाते. एका वेळी ठरावीक तुकडेच पाठवा, पूर्ण झालेले प्रत्येक कम्प्लीशन राडोस_एआयओ_रिलीजने मोकळे करा आणि राडोस_शटडाउनपूर्वी राडोस_एआयओ_फ्लश बोलवा.