ऑफिसचं झेरॉक्स मशीन विचित्र आवाज करतंय, काय असेल?

फाईलवाला:
ऑफिसात मोठं ब्लॅक अँड व्हाइट मशीन आहे, झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन सगळं त्याच्यावरच. आधी कधीतरी आवाज यायचा, आता रोजचं झालंय. कधी चूंऽऽ चूंऽऽ करून कुरकुरतं तर कधी मध्येच खट्ट. कॉपी स्वच्छ येतेय म्हणून साहेब म्हणतात चालतंय ना, मग चालू दे. आणि टेक्निशियन आला की हे मशीन शहाण्या बाळासारखं गप्प! आपण स्वतः काही बघू शकतो का, की हात लावूच नये?

गिअरबॉक्स:
आवाज कसला येतो त्यापेक्षा कधी येतो ते बघा, निम्मं काम तिथेच होतं. मशीन बंद करून परत चालू करा आणि कॉपी काढूच नका. नुसत्या वॉर्मअपला आवाज आला तर कागदाचा काही संबंध नाही, मग फ्यूजर (टोनर म्हणजे शाईची पावडर तापवून कागदावर चिकटवणारा भाग), ड्रम (ज्यावर आधी चित्र उमटतं तो गोल रोलर), डेव्हलपर (ड्रमवर टोनर चढवणारा भाग) नाहीतर मेन मोटरचे गिअर. कॉपी काढतानाच येत असेल तर ट्रे बदलून बघा, बायपासमधून (बाजूला उघडणाऱ्या छोट्या ट्रेमधून) एक कागद घालून बघा. एकाच ट्रेला येतोय म्हणजे त्याच ट्रेचा पिकअप रोलर (कागद उचलणारा रबरी रोलर) किंवा क्लच (तो रोलर फिरवणारा-थांबवणारा भाग). काचेवर ठेवून काढली की शांत आणि वरच्या फीडरमधून टाकली की आवाज, तर फीडर. कॉम्प्युटरवरून प्रिंट देऊनपण बघा, कारण प्रिंटला स्कॅनरचा भाग हलत नाही, तेव्हा शांत असेल आणि काचेवरच्या कॉपीला कर्रर्र होत असेल तर काचेखालचा दिवा ज्या रेलवर सरकतो तिथे गडबड. मोबाईलवर रेकॉर्ड मात्र नक्की करून ठेवा.

शाईबहाद्दर:
काहीही करा पण स्प्रेचं तेल मारू नका!! आवाज आला की तेल, ही सवय पंख्याला ठीक आहे. इथे रबरी रोलरला तेल लागलं की तो कागद उचलायचाच बंद होतो, आणि फ्यूजर १८० अंशांच्या आसपास तापतो, तिथे साधं तेल टिकत नाही, उष्णता सहन करणारं वेगळं ग्रीस लागतं. फ्यूजरला हात लावू नका, भाजेल. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, पावडर इतकी बारीक असते की फिल्टरमधून परत बाहेर उडते. ड्रम बाहेर काढलाच तर उजेडात उघडा ठेवू नका.

कागदी_वाघ:
कॉपी स्वच्छ म्हणताय पण एकदा पूर्ण फिकट राखाडी पान प्रिंट करून बघा. एखादा डाग सारख्या अंतराने परत परत येत असेल तर पट्टीने मोजा. ३० मिमी व्यासाचा ड्रम एका फेरीत साधारण ९४ मिमी फिरतो, म्हणजे तसा ड्रम असेल आणि अंतर तेवढंच भरलं तर संशय ड्रमवर. प्रत्येक रोलरचा घेर वेगळा, त्यामुळे टेक्निशियनला नुसतं अंतर सांगितलं तरी त्याला कळतं.

फाईलवाला:
करून बघितलं. राखाडी पानावर डाग नाही. सकाळी चालू केल्यावर कागद न घालताच चूंचूं येतं आणि मशीन तापलं की हळूहळू थांबतं. खट्ट मात्र फक्त खालच्या ट्रेला, कागद उचलताना. म्हणजे दोन वेगळे आवाज आहेत का हे?

गिअरबॉक्स:
हो, दोन वेगळेच. खालच्या ट्रेचं तुम्ही बघू शकता. मशीन बंद करा, पिकअप रोलर किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, ट्रेच्या आतल्या पट्ट्या कागदाला नीट टेकल्यात का बघा, कागदाचा गठ्ठा फडफडवून परत ठेवा. रोलर गुळगुळीत चकाकत असेल तर तो बदलायलाच झाला. एवढं करूनही खट्ट राहिलं तर क्लच, ते टेक्निशियनवर सोडा.

थंड असताना ओरडून तापल्यावर थांबणारा आवाज बहुतेक फ्यूजरच्या बुशचा (रोलरचं टोक ज्यात फिरतं त्या कड्याचा), नाहीतर ड्रम पुसणाऱ्या रबरी ब्लेडचा असतो, ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आणि टेक्निशियनसमोर गप्प का बसतं तेही इथेच कळलं, तो दुपारी येत असणार, तोवर मशीन तापलेलं असतं. त्याला सकाळी पहिल्यांदा बोलवा आणि तो येईपर्यंत कुणालाही चालू करू देऊ नका. कडकड असा दात तुटल्यासारखा आवाज आला तर मात्र साहेब काहीही म्हणोत, लगेच बंद करा, एक गिअर गेला की शेजारच्यालाही नेतो.