टोकियोतली यानाका गिन्झा: आईचे गुडघे, शाकाहार आणि मावळतीची वेळ

पंचवटीकर
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोकियोत चार दिवस आहोत. आपल्या नाशिकच्या भांडी बाजार-सराफ बाजारासारखी एखादी जुनी पेठ बघायची आहे. यानाका गिन्झाचं नाव सारखं समोर येतं. बरोबर आई (गुडघेदुखी, पक्की शाकाहारी) आणि आठ वर्षांचा मुलगा. उतरायचं कुठे, वेळ किती ठेवायचा आणि आईला खायला काय मिळेल?

मेनरोडवाला
आधी एक खबरदारी: नकाशात नुसतं ‘गिन्झा’ टाकू नका, भलत्याच झगमगाटी ब्रँडवाल्या भागात पोचाल. जपानात गल्लोगल्ली ‘अमुक गिन्झा’ आहेत, त्या मोठ्या गिन्झाच्या नावावरून.

ही पेठ जेमतेम १७० मीटर. दुकानं साठेक, सरळ चाललं तर तीन मिनिटांत संपते. मजा आहे ती आजूबाजूच्या यानाका वस्तीत. १९२३ च्या भूकंपातून आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून लाकडी घरं, बोळ आणि पावलोपावली देवळं अजून दिसतात. तीन तास ठेवा. यामानोते या रेल्वे लाइनवर उएनोपासून दुसरं स्टेशन निप्पोरी. पश्चिमेच्या दारानं बाहेर पडलं की पाचेक मिनिटांत ‘युयाके दानदान’च्या पायऱ्या, त्या उतरल्या की पेठ.

गंगाघाट
आईंसाठी हा क्रम उलटा करा. त्या पायऱ्या ३६ आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. चियोदा या मेट्रो लाइननं सेंदागी स्टेशनला उतरा, तिथून पेठेपर्यंत रस्ता सपाट आहे. पेठ बघत बघत या आणि शेवटी कठड्याला धरून सावकाश चढा. वर पोचलात की मागे वळा. पायऱ्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत, ‘युयाके’ म्हणजे संध्याकाळची लाली. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुकानंही साधारण तेव्हाच आवरतात, म्हणून चारपर्यंत पेठेत शिरा. परतीला वरून निप्पोरी जवळच.

वार मंगळवार किंवा शुक्रवार धरा. बरीच दुकानं सोमवारी किंवा बुधवारी बंद असतात (आपल्याकडे बुधवारीच बाजार भरतो, तिथे उलटं), आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. त्याआधी आसाकुरा शिल्प-संग्रहालय करायचं असेल तर ते सोमवारी आणि गुरुवारी बंद. शिल्पकाराचं १९३५ चं राहतं घर, मधोमध पाण्याची बाग. आत बूट काढावे लागतात आणि मोजे लागतात. सँडलवर जाणाऱ्यांनी मोजे पिशवीत टाकावेत.

तपोवन_२
खाण्याचं सांगतो. रांग दिसेल ती ‘मेंची-कात्सु’ची, म्हणजे कीमा घोळून तळलेला. आईंना नाही चालणार. शेजारी बटाट्याची ‘कोरोक्के’ दिसली तरी फसू नका: आत बहुतेकदा थोडा कीमा असतो, आणि खाटकाच्या दुकानातलं तळण पुष्कळदा चरबीतलं. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको. एवढंच म्हटलं तर तुकडे वगळतील, सूपातला माशाचा अर्क राहतोच. म्हणून ‘दाशी’ (हाच अर्क) आहे का, हेही विचारा.

आईंना त्यातल्या त्यात सेम्बेई: तांदळाची चकती भाजून वर सोया सॉस, पापडाची जाडजूड बहीण. कोळंबीची निघते, म्हणून ‘एबी?’ विचारून घ्या. बाकी पिशवीत चिवडा असलेला बरा.

चालता चालता खाऊ नका, दुकानासमोर उभं राहून संपवा. कचराकुंडी क्वचितच दिसते, कागद-काड्यांसाठी एक पिशवी लागेल. येनच्या हजाराच्या नोटा आणि नाणी ठेवा, काही छोटी दुकानं रोखच घेतात. पैसे हातात न देता गल्ल्याजवळच्या छोट्या ताटलीत ठेवायचे. घासाघीस नाही, इथे मेनरोडची सवय चालत नाही.

पंचवटीकर
मंगळवार, सेंदागीहून, चारला, ठरलं. मुलगा कंटाळेल का?

गंगाघाट
त्याला मांजरं शोधायला लावा. यानाका मांजरांसाठी प्रसिद्ध आहे, पेठेत सात लाकडी मांजरं बसवलीत, काही छपरांवर. नजर वर ठेवायला सांगा, खाली शोधत बसला तर एखाददुसरंच सापडेल.