अरुंद जागेत रोजच्या फोटोंसाठी कोणती प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्यावी?

प्रश्न : माझा कॅमेरा १.५ क्रॉपच्या एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरचा) असून त्याला ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. परवा कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) एका पेढीमागच्या खोलीत कोल्हापुरी साज घडवणाऱ्या कारागिराचे फोटो काढताना माझी पाठ भिंतीला टेकली, तरी चौकटीत त्याचा चेहरा आणि तोंडातली फुंकणी एवढेच मावले. ३५ मिमी घ्यावी की २४?

उत्तर १ : दादा, आपल्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी आहे. त्यामुळे २ मीटर अंतरावरून ५० मिमी लेन्समध्ये साधारण ९४ सेंटिमीटर, ३५ मध्ये १.३४ मीटर आणि २४ मध्ये जवळजवळ २ मीटर रुंदीचे दृश्य मावते. कारागिरासोबत त्याची ऐरण, हत्यारे आणि शेजारचा सहकारी हवा असेल, तर २४ मिमीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र अगदी जवळ गेल्यास नाक मोठे दिसते आणि कडेचा माणूस ताणला जातो, म्हणून चेहरा मध्याजवळ ठेवावा. तालमीतल्या मंद उजेडात मला लेन्सच्या छिद्राचा फरक अधिक जाणवला (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे आणि उजेड जास्त) : एफ/१.८ ला १/१२५ सेकंद मिळत असेल, तिथे एफ/२.८ ला सुमारे १/५० वर यावे लागते आणि डाव टाकणारा पैलवान हलका धूसर येतो.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. जुनी १८-५५ झूम घरी आहे. आठवडाभर ती २४ वरच ठेवून पाहतो.