उत्तर: किडे खाणं हे परदेशी फॅड?

वर एका भाऊंनी लिहिलंय, किडे खाणं हे बँकॉकचं फॅड, आपल्याकडे कोण हात लावणार! अहो, नागपुरातून गडचिरोलीकडे निघा. तिकडे आणि पलीकडे छत्तीसगडच्या बस्तरात झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या अंड्यांसकट मिरची-मीठ घालून वाटतात. बस्तरात त्या चटणीला चापडा म्हणतात. तिचा आंबटपणा मुंग्यांतल्या फॉर्मिक आम्लाचा, चिंच लागत नाही. ओडिशाच्या मयूरभंजातल्या अशाच चटणीला तर २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

भाच्याने थायलंडहून तळलेल्या रातकिड्यांचं पाकीट आणलं होतं. चव भाजलेल्या जवळ्यासारखी, मीठ अंमळ जास्त. त्रास पायांचा, दातांत बारीक काटे अडकतात. ते आधी मोडून टाकावेत. सावजी रश्शाला सरावलेल्या जिभेला मात्र फारच मवाळ! तिखट-लिंबू मारून, कांदा घालून खाल्ले तेव्हा कुठे जमलं. ताईने मात्र बशी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.

एक सांगतो, झिंग्यांची ॲलर्जी असेल तर हौस करू नका. झिंगे आणि किडे, दोघांतली प्रथिनं मिळतीजुळती असतात, अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आणि अंगणातले किडे पकडून तळायचे नाहीत बाप्पा, त्यांच्यावर कोणती फवारणी झाली असेल कोणास ठाऊक.