रि: रि: म्योडलारॉइट सहल, शनिवार १ नोव्हेंबर – लेझीमचं काय?

मंजिरी:
मंडळी, म्योडलारॉइट गावातल्या हॉलवाल्या बाईंचा आत्ताच फोन आला. १ नोव्हेंबर जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात 'शांत दिवस' असतो, ढोल-लेझीम चालणार नाही म्हणाल्या. जेवण, गप्पा चालतील. पैसे भरून झालेत आणि तारीख बदलायचं नाव काढू नका, गेल्या खेपेचं आठवतंय ना? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

समीर (येना):
बंदी सार्वजनिक करमणुकीला आहे. आपला कार्यक्रम सभासदांपुरता. बाईंना समजावून सांगा. शिवाय होफकडचा भाग बहुतेक प्रोटेस्टंट, त्यांना १ नोव्हेंबरच्या ऑलसेंट्स या कॅथलिक सणाचं काय एवढं?

नाना:
समीर, १५ ऑगस्टची सुट्टी बायर्नमध्ये गावात कॅथलिक जास्त की प्रोटेस्टंट हे बघून ठरते. १ नोव्हेंबर मात्र अख्ख्या राज्याला लागू. आणि हॉल बाईंचा आहे, त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही.

एवढं डोकं कशाला चालवायचं? गावातला टानबाख ओढा ओलांडा की शेजारचं थुरिंगेन राज्य, तिथे त्या दिवशी सुट्टीच नाही. ओढा एका ढांगेत पार होतो. गाव जेमतेम पन्नास वस्तीचं, १८१० साली दगड रोवून सीमा आखली, तरी तेव्हा कुणाचं काही अडत नव्हतं. शाळा आणि गुत्ता थुरिंगेनच्या अंगाला, रविवारी चर्चला सगळे बायर्नमधल्या ट्योपेनला. १९४९ मध्ये जर्मनीचे पूर्व-पश्चिम दोन देश झाले, थुरिंगेन पूर्वेत, बायर्न पश्चिमेत, आणि तीच रेघ आडवी आली. १९५२ मध्ये लाकडी कुंपण, १९६६ मध्ये ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत. पूर्वेकडच्यांना पलीकडे नुसता हात करायचीही बंदी. अमेरिकन सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे.

समीर (येना):
इतिहास माहीत आहे नाना, मी दोनदा जाऊन आलोय. ढोल थुरिंगेनमध्ये वाजवला तरी ऐकू बायर्नमध्येच जाणार, त्याचं काय? ओढा एका ढांगेचा आहे असं तुम्हीच म्हणता.
आणि पावाचं बघा. ३१ ऑक्टोबरला आमच्याकडे थुरिंगेनमध्ये रिफॉर्मेशन या प्रोटेस्टंट सणाची सुट्टी, दुकानं बंद. १ तारखेला तुमच्याकडे बंद. शनिवारी सकाळी आम्हीच येताना घेऊन येतो.

वंदनाताई:
पाव कुणी आणायचे ते खाद्यसमिती ठरवेल. गणपतीलाही असंच कुणीतरी परस्पर ठरवलं आणि पाव उरले. बायर्नमध्ये बेकऱ्या सुट्टीलाही थोडा वेळ उघड्या असतात, पण वडापावाला तिथले कडक ब्र्योटशेन (छोटे पाव) चालत नाहीत. मी शुक्रवारी न्यूर्नबर्गला घेईन. समीरने फक्त बटाटे आणावेत, तेही सांगितले तेवढेच.

गिरीश:
बटाटे म्हणजे उकडून का?

अनघा:
मला वेगळंच खटकतंय. ज्या ओढ्याकाठी टेहळणी मनोरा होता, जिथली माणसं १९५२ च्या जूनमध्ये घरातून उचलून दूर नेली, तिथे आपण लेझीम खेळायची?

नाना:
अनघा, ९ डिसेंबर १९८९ ला भिंतीत वाट झाली तेव्हा दोन्हीकडची माणसं जमलीच होती. १७ जून १९९० ला बुलडोझरने भिंत पाडली तेव्हाही. त्यातलीच शंभरेक मीटर आता संग्रहालयात ठेवली आहे. तुझं म्हणणं मात्र मला पटतं. भिंतीपाशी नको, गावाबाहेर ट्योपेनकडे जाऊन...

समीर (येना):
नाना, ट्योपेन बायर्नमध्ये आहे.

नाना:
मग गेफेलच्या बाजूला. तुझ्याकडचंच गाव, तूच विचार तिथल्या नगरपालिकेला. दरवेळी सगळं न्यूर्नबर्गकरांनी करायचं असं नाही.
जाता जाता, फेब्रुवारी १९८३ मध्ये जॉर्ज बुश तिथे आले होते, तेव्हा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि केनेडी बर्लिनमध्ये 'मी बर्लिनर आहे' म्हणाले तसं 'मी म्योडलारॉइटर आहे' म्हणून गेले. त्याचं मुलांसाठी छोटं नाटुकलं बसवता येईल. आवाज नको, ढोल नको.

मंजिरी:
नाटुकलं नको नाना, कृपा करा. आधी संग्रहालय, मग हॉलवर जेवण. गेफेलकडून हो आलं तर चारला लेझीम, नाही आलं तर लेझीम गाडीतच राहील. समीर, सोमवारी फोन कर, शुक्रवारी तिकडे कुणी उचलणार नाही.

गिरीश:
नॅव्हीत गावाचे दोन पिनकोड येतात, ०७९२६ आणि ९५१८३. कुठला टाकू?

मंजिरी:
हॉलला ९५१८३.

वंदनाताई:
बटाटे कच्चे. उकडायचं मोठं पातेलं कुणाकडे आहे?