प्रतिसाद: सोयाबीन पेरला, अनुदान मक्याचं कसं?

वर विचारलंय, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेती अनुदानाच्या यादीत त्या वर्षी फक्त सोयाबीन पेरलेल्या शेतकऱ्याच्या नावावर मक्याची रक्कम कशी? यात घोटाळा असेलच असं नाही. पीएलसी (भाव ठरलेल्या किमतीखाली गेला तर भरपाई) आणि एआरसी (उत्पन्न, म्हणजे उत्पादन गुणिले भाव, ठरलेल्या पातळीखाली गेलं तर भरपाई) या दोन्ही सरकारी योजनांचा पैसा पेरलेल्या एकरांवर मिळत नाही, 'बेस एकर'वर मिळतो. हा बेस त्या जमिनीच्या जुन्या पेऱ्यावरून ठरलेला असतो. 2014 च्या अमेरिकी शेती कायद्याने 2009 ते 2012 ची सरासरी धरून तो एकदा बदलून घ्यायची संधी दिली होती.

पीएलसीसाठी 2016 च्या मक्याचं उदाहरण घ्या. संदर्भ किंमत (कायद्याने ठरवलेली) बुशेलला (मक्याचे सुमारे 25 किलो) 3.70 डॉलर, देशातला सरासरी बाजारभाव 3.36, फरक 34 सेंट. बेस 100 एकर आणि योजनेसाठी ठरवलेलं उत्पादन एकरी 150 बुशेल असेल तर: 0.34 × 150 × 85 = 4335 डॉलर. 100 च्या जागी 85, कारण बेसच्या 85 टक्क्यांवरच पैसे देतात. त्यातून सरकारी खर्चकपातीची सक्तीची वजावट वेगळी. आणि हा पैसा ऑक्टोबर 2017 नंतरचा! यादीतलं वर्ष आणि पिकाचं वर्ष जुळत नाही ते म्हणूनच. बहुतेक गैरसमज इथेच होतात.

काउंटी एआरसीत उत्पन्न अख्ख्या काउंटीचं धरतात. एकट्याच्या रानात गारपीट झाली आणि बाकी काउंटी चांगली पिकली, तर त्याला छदाम मिळत नाही. त्यासाठी पीकविमा वेगळा घ्यावा लागतो.

रोख खंडाने दिलेल्या जमिनीचा पैसा कसणाऱ्याला जातो, वाट्याने दिली असेल तर दोघांत वाटला जातो. यादीत मालकाचं नाव सापडलं नाही तर हे आधी तपासा.